काजळाच्या वड्या

दुकानातून बिलाची पावती हातात आली की मी अजूनही तिच्यावर नख ओढून बघतो. काळी रेघ उठली की पावती चिमटीत धरून दुकानदाराच्या गल्ल्यावर परत ठेवतो. बायको म्हणते, "बाईंचं हे खूळ तुम्ही कधी सोडणार?" ते सुटत नाही. दुसरंही एक खूळ आहे, ते मी तिला सांगितलेलं नाही. कुठे शेकोटी दिसली, चूल दिसली, एखाद्या टपरीमागे कचरा जळताना दिसला, की मी आधी जाळाचा रंग बघतो. पिवळा असला तर पुढे जातो.

ही दोन्ही खुळं मला प्रमिला गायकवाड यांच्याकडून लागली. पहिलं त्यांनी मुद्दाम शिकवलं. दुसरं शिकवायची त्यांची इच्छा नव्हती.

लोणी काळभोरच्या पुढे हमरस्ता सोडून उसाच्या फडांमधून एक कच्चा रस्ता आत जातो. त्याच्या टोकाला, एका लहान गावाला अगदी लागून, बाईंचा कारखाना होता. पुण्यातली रद्दी टेम्पो भरभरून यायची. तिचा मोठ्या हौदात लगदा व्हायचा, लगदा धुऊन त्यातली शाई काढली जायची आणि त्याच लगद्याचा पुन्हा कागद व्हायचा. वह्यांचा, पाकिटांचा, लग्नपत्रिकांचा. बाई आधी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. चांगली चाललेली नोकरी सोडून त्यांनी हा उद्योग काढला, तेव्हा ओळखीच्या लोकांनी कपाळाला हात लावला होता म्हणे. मी तिथे विक्री आणि पत्रव्यवहार बघायचो. कारखान्यात लहानमोठे सगळे त्यांना बाईच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो.

नोकरीसाठी भेटायला गेलो तेव्हा मी चांगल्या जाड, साईच्या रंगाच्या कागदावर अर्ज टाइप करून नेला होता. बाईंनी तो वाचला नाही. कोपरा दुमडला, टर्रकन फाडला, खिडकीकडे धरून फाटलेल्या कडेचे तंतू बघितले.

"अर्जापेक्षा कागद चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण एकाच बाजूला लिहिलंय. दुसरी बाजू आजारी होती का?"

पुण्यात राहून अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं एवढं मला कळत होतं.

"उद्यापासून या, देशमाने. पाठकोरा कागद टाकलेला दिसला तर परवापासून येऊ नका."

उंच, काटक बांधा, सुती साडी, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख जरा वाढवलेलं. त्या नखानेच त्या कागदांतल्या स्टेपलच्या पिना काढायच्या. बोलता बोलता समोरच्याच्या हातातली फाइल ओढून घ्यायच्या, पिन उचकटायच्या, टेबलावरच्या पितळी डबीत टाकायच्या आणि फाइल परत द्यायच्या. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांच्या फाइलचं त्यांनी असंच केलं. साहेबांचे कागद पंख्याच्या वाऱ्याने खोलीभर झाले. बाई शांतपणे म्हणाल्या, "आता निदान सगळे वाचले तरी जातील."

कागदाला चुकून पाय लागला की आपल्याकडे लोक वाकून नमस्कार करतात. तसं कोणी केलं की बाई म्हणायच्या, "पाया कसल्या पडताय? उचलून ठेवा. त्याला तेवढंच हवंय." या वाक्यामागे त्यांच्या घराची सगळी गोष्ट होती. त्यांच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा घरातले देव कोनाड्यातून उतरले आणि रिकाम्या कोनाड्यात मुलांच्या वह्या गेल्या. बाईंचे वडील अण्णा पुढे शहरातल्या एका जुन्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायच्या कामाला लागले. कागद कापून उरलेल्या अरुंद पट्ट्या ते घरी आणत, दोऱ्याने शिवत आणि त्यांच्या वह्या करत. भावंडं त्याच वह्यांवर शिकली. म्हणून बाईंचं अक्षर उभट आणि चिंचोळं होतं. भलामोठा कागद समोर असला तरी त्या दोन-तीन शब्द झाले की खालच्या ओळीवर यायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "हाताला अजून खरं वाटत नाही की पुढे जागा आहे."

हे त्यांनी हसत सांगितलं होतं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कारखाना बघायला शाळेची मुलं येत, परदेशी पाहुणे येत. त्या सर्वांना बाई हौदाच्या काठावर उभं करून सांगत, "माणसाचा पुनर्जन्म मी मानत नाही. कागदाचा मानते, कारण तो मी रोज बघते." लोक टाळ्या वाजवत. मग बाई खरं तेही सांगत, की प्रत्येक जन्मात कागदाचा तंतू आखूड होतो आणि काही फेऱ्यांनंतर त्याचा कागद होत नाही. तेवढं ऐकायला फारसं कोणी थांबत नसे. तोवर चहा आलेला असायचा.

वाघोलीचे एक बिल्डर मुलीच्या लग्नाच्या पत्रिका करायला आले होते, तो प्रसंग मी विसरणार नाही. सोन्याच्या साखळ्या, सोबत दोन माणसं. त्यांना पत्रिका 'पर्यावरणाची' हवी होती. वर सोनेरी वर्ख, आत मखमल आणि सगळ्यावर चकचकीत प्लास्टिकचा थर, हेही हवं होतं.

बाईंनी नमुना हातात घेतला, नखाने थर सोलून बघितला. सुटेना.

"अहो, हा कागद नाही. कागदाचं सोंग घेतलेलं प्लास्टिक आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या मुलीच्या नातवंडांची लग्नं होतील, तेव्हाही हे असंच चकचकीत असेल. कुठल्यातरी उकिरड्यावर."

"मॅडम, पैशाची काळजी नको."

"मला नाहीच. तुम्हाला कचऱ्याची नाही, हा प्रॉब्लेम आहे."

ते उठून गेले. मी म्हटलं, बाई, एवढी मोठी ऑर्डर होती. त्यांनी वर बघितलंही नाही. "पत्रिका ते दुसरीकडे छापून घेतीलच," त्या म्हणाल्या. "आणि लग्न झाल्यावर सगळ्या पत्रिका रद्दीतून माझ्याच दारात येणार आहेत." तेव्हा मी हसलो होतो. त्या हसल्या नव्हत्या.

आता काजळाबद्दल सांगायला हवं. कागद धुतला की शाई कुठे जाते, हा प्रश्न शाळेतली मुलं विचारायची, मोठी माणसं कधी विचारायची नाहीत. ती जात नाही. हौदावर काळा फेस येतो, तो काढून गाळला की खाली गाळ उरतो. काळाकुट्ट, तेलकट, बोटाला लागला तर दोन दिवस न जाणारा. रद्दी निवडायला येणाऱ्या गावातल्या बायका त्याला काजळ म्हणायच्या. जितका कागद पांढरा, तितकं काजळ जास्त. सुरुवातीला हा गाळ ट्रकमध्ये भरून दूर सरकारी जागेवर पाठवायचा असे. बाईंना ते सहन होत नसे. कोंड्याचा मांडा करणाऱ्या घरातली बाई. टाकणं हा शब्दच त्यांच्या तोंडाला कडू लागायचा.

त्यांनी गाळ वाळवून बघितला. त्यात कागदाचे आखूड तंतू असायचे, तो चांगला पेटायचा. प्रयोगशाळेत तपासून घेतला. तेव्हा रद्दी म्हणजे वर्तमानपत्रं होती, काळी शाई होती. त्यात भिण्यासारखं काही नाही असं उत्तर आलं. मग बाईंनी एक जुना साचा मिळवला आणि काजळाच्या वड्या पाडल्या. शेणीएवढ्या, चौकोनी. पण लगेच कोणाला दिल्या नाहीत. त्यांचा एक नियम होता, जे स्वतःच्या घरात वापरत नाही ते दुसऱ्याला द्यायचं नाही. म्हणून पहिलं पोतं बिबवेवाडीला त्यांच्या घरी गेलं.

बैठं घर, मागे फरशी घातलेलं छोटं अंगण, अंगणात तांब्याचा बंब. अण्णांना गिझरचं पाणी चालायचं नाही. "ते पाणी अंगाला लागतच नाही," म्हणायचे. बंबात वड्या घालू लागल्यापासून आणखी एक गोष्ट झाली. अण्णा रोज सकाळी बंबापाशी स्टूल टाकून बसू लागले. मी एकदा सही घ्यायला सकाळीच गेलो होतो, तर म्हातारा डोळे मिटून बसलेला, चेहऱ्यावर धूर येतोय, आणि ओठांवर हसू.

"या, देशमाने. वास येतोय का?"

मला जळकट, तेलकट वास येत होता.

"छापखाना," अण्णा म्हणाले. "जुळवलेल्या खिळ्यांचा फर्मा मशीनवर चढला की असाच वास सुटायचा. इतकी वर्षं झाली, हिनं परत आणला."

बाई मागे दारात उभ्या होत्या. त्यांना इतकं समाधानी मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. त्याच आठवड्यात वड्या गावातल्या बायकांना फुकट मिळू लागल्या. संध्याकाळी काम सुटलं की प्रत्येकीच्या पाटीत वड्या. सिलिंडर वाचला, सरपण वाचलं. कारखान्यातून फेकायला काही उरेना. बाईंनी फाटकावर स्वतःच्या चिंचोळ्या अक्षरात रंगवून घेतलं: इथे काही वाया जात नाही.

यानंतर रद्दी बदलली. ते एका दिवसात झालं नाही. लोकांनी वर्तमानपत्रं मोबाइलवर वाचायला सुरुवात केली, टाळेबंदीत तर कितीतरी घरांनी पेपर कायमचा बंद केला. टेम्पोतून येणारे गठ्ठे रंगीत होऊ लागले. घरपोच सामानाची खोकी, फ्लॅटच्या जाहिरातींची गुळगुळीत पत्रकं, औषधांची वेष्टनं, वर्ख लावलेल्या पत्रिका, आणि दुकानांच्या पावत्या. बाई स्वतः ढिगापाशी बसून पावत्यांवर नख ओढायच्या. "काळी रेघ उठली की हा कागद नाही, हे रसायन आहे. हौदात एकही जाता कामा नये," त्या बायकांना बजावायच्या. "रद्दीवरून शहर कळतं, देशमाने. हे शहर आता वाचत नाही, मागवतं." रद्दी बिघडली म्हणून रोज त्या चिडायच्या. पण त्या रद्दीचं काजळही बदललं असेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. वड्या पडत होत्या, पाट्या भरत होत्या.

एका सकाळी मी पुन्हा बिबवेवाडीला गेलो होतो. बंबाच्या झाकणाच्या फटीतून आत जाळ दिसत होता. त्याच्या कडा हिरव्या होत्या. मोराच्या पिसात असतो तसा हिरवा. मी बाईंना दाखवला.

त्यांनी वाकून बघितलं. "तांब्याचा बंब आहे," त्या म्हणाल्या. "घासायला झालाय. तांबं तापलं की जाळाला रंग देतं."

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई सांगतायत म्हटल्यावर माझा प्रश्न मिटला. अण्णा मध्येच खोकले. "धूर गेला नाकात," ते म्हणाले आणि स्टूल आणखी पुढे ओढलं.

त्या हिवाळ्यात रद्दी निवडणाऱ्या बायकांचे डोळे लाल असायचे. गावाभोवती उसाची तोडणी चालली होती, पाचट पेटवलेलं होतं. सगळे म्हणाले पाचटाचा धूर आहे. तोडणी संपली. डोळे लालच राहिले. यमुनाबाई म्हणून सगळ्यांत जुनी बाई होती, कारखान्याच्या पहिल्या दिवसापासूनची. तिला खोकल्याची उबळ आली की ती पदर तोंडाला लावून हौदामागे जायची आणि बऱ्याच वेळाने परत यायची. बाई तिला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहा म्हणून सांगितलं. तिला निवडायच्या कामावरून काढून बाईंनी वाळवणावर बसवलं, स्वच्छ हवेत. वाळवण वड्यांचं होतं.

त्याच यमुनाबाईच्या नातवाचं बारसं होतं. बाई आणि मी माझ्या गाडीतून गेलो. घर कारखान्याच्या कुंपणामागेच. अंगणात मांडव, बायकांची लगबग, पाळणा सजवलेला. बाजूला पडवीत पाणी तापत होतं आणि तिथे पोरांचा गलका चालला होता. एकजण चुलीत काहीतरी सारायचा आणि बाकीची ओरडायची.

"बाई, या की हिकडं," यमुनाबाई कौतुकाने म्हणाली. "ही पोरं बगा. रोज हाच खेळ. तुमच्या वडीचा जाळ कसा रंगीत व्हतो! पोरं म्हणत्यात दिवाळी हाय."

आम्ही पडवीत गेलो. जाळ हिरवा होता. नुसत्या कडा नाही, बुडापासून टोकापर्यंत. पोरांच्या चेहऱ्यांवर त्याचा उजेड पडला होता. बाई बघत राहिल्या.

"यमुनाबाई," त्यांनी विचारलं, "तुमचा बंब कुठाय?"

"बंब? आमच्याकडं कुठला आलाय बंब, बाई?" यमुनाबाई हसली. "चुलीवरच तापवतो की पानी."

मातीची चूल. वर अॅल्युमिनियमचं पातेलं. तांब्याचा एक तुकडाही आसपास नव्हता.

बाईंनी पुढे होऊन पोरांना मागे सारलं. मग बारशाला बसल्या, बाळाच्या हातात पाकीट दिलं, घुगऱ्या घेतल्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "थेट घरी घ्या." कवडीपाटच्या पुढे आल्यावर आपणहून बोलल्या.

"निळ्या-हिरव्या शाईत तांबं असतं. अकरावीच्या मुलांना मी दर वर्षी दाखवायचे, तांब्याचा क्षार जाळात धरला की जाळ हिरवा होतो. दर वर्षी. आणि माझ्या अंगणात तोच जाळ दिसला तर मी म्हटलं, बंब घासायला झालाय."

"पण तांब्याने एवढं काय होणार, बाई?"

"नुसतं तांबं जळालं तर असा रंग येत नाही. सोबत क्लोरीन असलेल्या प्लास्टिकचा अंश जळावा लागतो. त्या पत्रिका, ते गुळगुळीत थर. आणि त्याबरोबर आणखी काय काय जळतं, ते जाळ सांगत नाही."

मला त्या क्षणी खरंच भीती वाटली. उन्हात, हडपसरच्या गर्दीत, गाडीच्या काचा बंद असताना.

घरी पोचल्यावर त्यांनी चुलीसारख्या तीन विटा मांडल्या, बंबापासून लांब, आणि एक वडी पेटवली. आधी पिवळा, मग हिरवा. अण्णा वासाने बाहेर आले आणि स्टूल घेऊन निघाले.

"अण्णा, लांब व्हा."

"का गं?"

"हा छापखान्याचा वास नाही. दुसरंच काहीतरी आहे."

"मला सांगतेस?" म्हातारा दुखावला. "सगळी हयात याच वासात गेली. मेलो का मी?"

बाईंनी बादलीभर पाणी ओतून वडी विझवली. अण्णा किती वेळ त्या ओल्या राखेकडे बघत उभे होते.

दुसऱ्या दिवशी बाई गावात दारोदार फिरल्या. वड्या परत द्या म्हणाल्या. मी पोतं धरून मागे होतो. बायकांना कळेना. कोणी हसल्या, कोणी तोंडावर दार लावलं. एकजण म्हणाली, "तुमीच दिल्या, आता तुमीच न्हेताय. आमचं कायतरी चुकलं का?" बाई प्रत्येकीला समजावत होत्या, चूक माझी आहे, हा धूर वाईट आहे, पोरांना जवळ जाऊ देऊ नका. यमुनाबाई तेवढी शांतपणे ऐकत होती.

"बाई, तुमच्या घरीबी ह्याच वड्या जाळता न्हवं?"

"जाळत होते."

"मंग वाईट कशा असतील?" ती म्हणाली. "तुमी सोता जे वापरत न्हाई ते आमाला देत न्हाई, हे समद्या गावाला ठावं हाय."

बाईंनी आयुष्यभर जपलेला नियम असा त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. पोत्यात त्या दिवशी पडल्या त्या वड्या मोजक्याच होत्या.

त्यांनी रंगीत रद्दी घेणं बंद केलं. पण साधी रद्दी यायचीच बंद झाली होती. काही दिवस मशीन अधूनमधून चाललं, मग थांबलं. फाटकावरचं वाक्य बाईंनी स्वतः चुन्याने पुसलं. परत आलेल्या वड्या, साच्यातल्या वड्या, हौदाच्या बुडाचं काजळ, सगळ्याचा मागच्या आवारात ढीग झाला आणि त्यावर प्लास्टिकचं काळं कापड आलं. असला कचरा रीतसर घेणारी जागा होती. तिथे आपली पाळी येईपर्यंत थांबा असं उत्तर मिळालं. दरम्यान एक ट्रकवाला आला. फुकट उचलतो म्हणाला, वाघोलीकडे प्लॉटमध्ये भराव टाकायला माती लागतेच. वर फ्लॅट उभे राहिले की खाली काय आहे कोण बघतं? बाईंनी त्याला फाटकाबाहेर काढलं आणि त्या दिवसापासून स्वतः ढिगाची राखण करू लागल्या. मला पुण्यात एका छापखान्यात काम मिळालं. बाईंनीच शब्द टाकला होता.

अण्णा थंडीत गेले. श्वासाचं दुखणं. बिबवेवाडीला भेटायला गेलो तेव्हा बाई मागच्या अंगणात होत्या. बंब उलटा करून ठेवला होता. त्यांनी मला आत नेलं, अण्णांच्या खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली आणि उघडली. धोतरांच्या घड्यांमध्ये चार-पाच वड्या होत्या, जुन्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेल्या.

"रोज रात्री उशाशी घेऊन झोपत होते," त्या म्हणाल्या. "वासासाठी."

मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले.

"वय झालं म्हणाले. तेही खरं असेल. शिशाच्या खिळ्यांत आयुष्य गेलं, तेही असेल. मी विचारलं नाही." त्यांनी एक वडी उचलली, अंगठ्याचं नख तिच्यावर ओढलं आणि नखाकडे बघितलं. "टाकायच्या म्हणते. पण कुठे टाकू, देशमाने?"

त्यानंतर त्यांना एकदाच पाहिलं. सोलापूरकडे निघालो होतो, थंडीचे दिवस, नुकतं उजाडलेलं. वाट वाकडी करून आत गेलो. फाटक उघडं होतं. मागच्या आवारात बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर शाल पांघरून बसल्या होत्या, ढिगाकडे पाठ करून. तोंड गावाकडे. खूप वाळल्या होत्या.

"ढिगाकडे पाठ करून कसली राखण, बाई?" मी हसण्यावारी नेत विचारलं.

"ढीग काय बघायचा?" त्या म्हणाल्या. "धूर बघते."

मी ढिगाकडे बघितलं. काळ्या कापडाची गावाकडची कड उचकटलेली होती आणि ढीग निम्म्याने खाली बसला होता. मला क्षणभर बरं वाटलं.

"कुठल्या जागेवर पाठवला? पाळी आली का?"

"नाही आली. जातोय तसाच. पाटीपाटीने." त्यांनी गावाकडे हनुवटी केली. घराघरांतून सकाळचे धूर वर चढत होते. "थंडी आहे हो. त्यांनाही पाणी तापवायचंय. कोणाला अडवू? सगळ्यांवर माझा विश्वास आहे आणि त्यांचा माझ्यावर."

कुंपणाच्या खिंडारातून यमुनाबाई आली. वाकलेली, पदर डोक्यावर, हातात ताटली आणि ताटलीत वाफाळते दोन कप. बोलायच्या आधी तिला खोकला आला, तो सरेपर्यंत ती कप सांडू न देता उभी राहिली.

"पावनं दिसलं, म्हणून दोन आणलं. घ्या, बाई. गार व्हईल."

"गॅसवर केलास ना गं?" बाईंनी विचारलं.

"गॅसवरच की."

तिच्या उजव्या हाताची बोटं काळी होती. पेरापर्यंत, नखांच्या आतून. बाईंनी त्या बोटांकडे बघितलं. मग तिच्या चेहऱ्याकडे. यमुनाबाई हसली, माया असलेल्या माणसाशी खोटं बोलताना हसतात तशी.

बाईंनी कप दोन्ही हातांत घेतला आणि सगळा चहा प्यायला. माझा कप माझ्या हातात होता. त्याला तेलकट वास येत होता.